चांद्याच्या तुरुंगातला पिंपळ

ऑक्टोबर महिना लागला की परळ, लालबाग, नायगावच्या चाळींतून आपल्या माणसांची लगबग सुरू होते. कुणी दसऱ्याला, कुणी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जायचे ठरवतो. रजेचा अर्ज टाकला जातो, भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली जाते, आणि दादरहून गाडी पकडली जाते. त्यातले काहीजण नागपूरहून पुढे चंद्रपूरलाही जातात. कारण १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब चंद्रपूरला गेले आणि १६ ऑक्टोबरला तिथेही त्यांनी आपल्या बांधवांना दीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला त्या दिवसाची आठवण म्हणून मोठा मेळावा भरतो.

माणसे दीक्षाभूमीला वंदन करतात, पुस्तकांच्या दुकानांतून दोन पुस्तके घेतात, आणि परतीच्या गाडीला बसतात. पण त्याच चंद्रपूर शहरात, तुरुंगाच्या आवारात, एक पिंपळ आहे. या पिंपळाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला इंग्रजांनी फाशी दिले. त्याचे नाव वीर बाबुराव पुल्लेश्वरबापू शेडमाके. आपल्या दीक्षेचा दिवस आणि त्यांच्या फाशीचा दिवस यांत पाचच दिवसांचे अंतर. तरी आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मुंबईतल्या आपल्या वस्त्यांत विचारून पाहिले तर झाशी, तात्या टोपे, मंगल पांडे ही नावे मुले घडाघडा सांगतात. बाबुराव शेडमाके म्हटले की पोर आईच्या तोंडाकडे पाहते आणि आई पोराच्या. म्हणून या अंकात आम्ही त्यांची हकीकत सांगणार आहोत. घरात मुलांना ती मोठ्याने वाचून दाखवावी अशी आमची विनंती आहे.

गोंडांचे राज्य

आज ज्याला आपण चंद्रपूर म्हणतो त्याचे जुने नाव चांदा. १९६४ साली ते बदलून चंद्रपूर झाले. हे शहर वसवले गोंड राजांनी. खांडक्या बल्लाळशहा या राजाचे नाव त्या बाबतीत घेतात. शहराभोवती सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे त्याचे दरवाजे आजही लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. राणी हिराई हिने राजा बीरशहाच्या स्मरणार्थ उभारलेली समाधी पाहिली म्हणजे ज्यांना 'रानटी' म्हणून हिणवले जाते त्या लोकांनी केवढे काम करून ठेवले आहे ते कळते. आदिवासी म्हणजे जंगलात पानावर जेवणारा माणूस, एवढेच आपल्याला शिकवले गेले. त्याचे राज्य होते, किल्ले होते, तलाव होते, कारभार होता, हे कुणी सांगितले नाही.

१७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांनी घेतले. तरी पूर्वेकडच्या दाट जंगलात, वैनगंगा आणि प्राणहितेच्या पलीकडे, गोंड जमीनदारांचा अंमल चालूच राहिला. जमीनदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सावकारी करणारा शेठ येतो. इथला जमीनदार तसा नव्हे. गोंड राजाच्या काळापासून एकेका मुलखाची राखण त्याच्याकडे असे. वरच्या सत्तेला तो दरसाल थोडी ठरीव रक्कम देई. तिला टाकोळी म्हणत. बाकी न्यायनिवाडा, जंगल, शेती, सण हे सारे मुलखातले लोक आणि त्यांचा जमीनदार आपापल्या रीतीने बघत. लोक त्याला राजाच म्हणत.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसीने १८५४ साली त्यांचे राज्य खालसा केले आणि त्याबरोबर चांदाही कंपनीच्या हाती गेला. त्या जंगलातल्या गोंडाला कुणी विचारले नाही. एका राजवाड्यात वारस नाही म्हणून शेकडो मैलांवरच्या लोकांचे धनी बदलले. आता जिल्ह्यावर साहेब आला, त्याची कचेरी आली, पोलीस आले. टाकोळीवर भागेना, जंगलावर आणि माणसांवर हुकूम चालू लागला. हीच खरी ठिणगी होती.

मोलमपल्लीचा तरुण

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, किष्टापूर गावचा. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात येते. वडील पुल्लेश्वरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार, आई जुर्जाकुंवर. डलहौसीने राज्य खालसा केले तेव्हा बाबुराव एकवीस वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा नोकरीच्या शोधात फिरत असतो.

१८५७ साल उजाडले. उत्तरेत मेरठ, दिल्ली पेटली. त्याच सप्टेंबरात बाबुरावांनी सुमारे ५०० आदिवासी तरुण जमवून जंगोम दल उभे केले असे सांगतात. त्यात गोंड होते, आणि पुढे लढाईत रोहिलेही सामील झाले. गोंड आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून एका नेत्याखाली लढले, हे आजच्या काळात मुद्दाम सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते तेही पाहा. गिरगावाला लागून असलेल्या सोनापुरात एका घरी देशी शिपाई जमून उठावाचा बेत करीत होते. पोलीस अधिकारी फोर्जेट याने लपून तो बेत ऐकला. हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया या दोघांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी आज ज्याला आझाद मैदान म्हणतात त्या मैदानावर तोफेच्या तोंडी देऊन उडवले. ज्या मैदानावर आपण मोर्चे घेऊन जातो, घोषणा देतो, त्या मातीत ते दोघे मिसळले आहेत. त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि सहा दिवसांनी चांद्याच्या पिंपळाला दोर बांधला गेला. मुंबईचे मैदान आणि चांद्याचे जंगल एकमेकांपासून दूर. पण दोन्हीकडे एकच सत्ता होती आणि तिची जरब बसवण्याची रीतही एकच होती. चारचौघांसमोर मारायचे, म्हणजे बाकीचे गप्प बसतात.

मार्च ते सप्टेंबर १८५८

१८५८ च्या मार्च महिन्यात बाबुरावांनी राजगड परगण्यावर धाड घालून तो ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली. त्यानंतर गढीसुर्ल्याच्या डोंगरावर, सगणापूरला, बामणपेठला एकामागून एक चकमकी झाल्या. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना येऊन मिळाले. कंपनीच्या शिपायांकडे बंदुका आणि कवायत. यांच्याकडे जंगलाची माहिती, डोंगरावरून लोटलेले धोंडे, आणि लोकांची साथ. रात्रीच्या वेळी हल्ला करावा आणि दिवस उजाडण्याआधी रानात नाहीसे व्हावे, अशी ही लढाई होती. वीस-बावीस दिवसांत संपेल असे ज्याला साहेबाने मानले असेल ते प्रकरण पावसाळा संपेपर्यंत चालले.

२९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन गोरे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा जीव वाचवून क्रिक्टनकडे पोहोचला. ही तार म्हणजे काय, ते मुलांना समजावून सांगा. तेव्हा फोन नव्हता. खांबावरून ओढलेल्या तारेने एका गावचा निरोप क्षणात दुसऱ्या गावी जाई. उठाव कुठे झाला, फौज कुठे पाठवायची, हे साहेबाला त्या तारेने कळे. १८५७ चा उठाव मोडण्यात तारेचा मोठा हात होता. जंगलातल्या माणसाने नेमके त्या तारेवर बोट ठेवले, यावरून तो किती अडाणी होता ते आपणच ठरवा.

दोन गोरे मेले म्हणताच प्रकरण वेगळे झाले. आता क्रिक्टनला बाबुराव हवेच होते. पण फौज जंगलात घालून ते हाती लागत नव्हते. तेव्हा त्याने दुसरा रस्ता धरला. अहेरीची मोठी जमीनदारी त्या वेळी लक्ष्मीबाई या जमीनदारणीकडे होती. तिला निरोप गेला की बाबुरावांना पकडून द्या, नाहीतर तुमच्यावरही बंडाला साथ दिल्याचा ठपका येईल. त्या काळी असा ठपका म्हणजे जमीनदारी जप्त. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी अहेरीच्या लोकांनी बाबुरावांना पकडले आणि चांद्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले. खटला चालला. २१ ऑक्टोबरला तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाला त्यांना फाशी दिले गेले. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. १८६० साली बस्तरच्या राजाने त्यांना पकडून दिले आणि त्यांना जन्मठेप झाली. बंडखोरांची जप्त केलेली साठहून अधिक गावे लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली.

बाबुरावांच्या मृत्यूभोवती पुढे पुष्कळ कथा जमल्या. त्यांच्या अंगी दैवी शक्ती होती, फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, असे गावोगाव सांगतात. लोकांच्या प्रेमातून अशा कथा येतात, त्यांची टिंगल करू नये. पण बुद्धांच्या मार्गाने जाणाऱ्या माणसाला या चमत्कारांची गरज नाही. दोर तुटला नाही आणि तरीही हा तरुण डगमगला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. देव केले की माणूस देव्हाऱ्यात बसतो आणि आपण त्याच्यासारखे वागण्यातून सुटतो.

समुद्रापलीकडचे दुसरे झाड

दादरला पोर्तुगीज चर्चच्या बसथांब्यावर आपण शेकडो वेळा उतरलो असू. ते चर्च १५९६ सालापासूनचे आहे. इमारत नंतर नवी झाली. मुंबईची बेटे पोर्तुगीजांनी १५३४ साली घेतली. त्याआधी १५१० साली त्यांनी गोवा घेतला होता. हे पोर्तुगीज पूर्वेकडे आले, आणि त्यांचे शेजारी स्पॅनिश पश्चिमेकडे, अमेरिकेत गेले. युरोपच्या एकाच टोकावरून निघालेली ही दोन जहाजे. एक आपल्या किनाऱ्याला लागले. दुसऱ्याने काय केले ते ऐकण्यासारखे आहे, कारण बाबुरावांची हकीकत तिथे तीनशे वर्षे आधी घडून गेली होती.

आजचा मेक्सिको देश जिथे आहे तिथे मेशिका नावाच्या लोकांचे राज्य होते. जग त्यांना अझ्टेक म्हणून ओळखते. त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान एका मोठ्या तळ्याच्या मध्यावर वसलेली होती. बांधलेले रस्ते, कालवे, बाजार, मंदिरे असे ते शहर पाहून स्पॅनिश शिपाई थक्क झाले. १५१९ साली हर्नान कोर्तेस नावाचा स्पॅनिश सरदार तिथे गेला. राजा मोक्तेझुमाने त्याला शहरात घेतले, आणि कोर्तेसने त्यालाच कैद केले. १५२० साली तो राजा मेला. त्याचा भाऊ क्वित्लावाक गादीवर बसला. त्याने स्पॅनिशांशी झुंज दिली, पण थोड्याच दिवसांत देवीच्या साथीने त्याला गाठले. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेला हा रोग त्या भूमीला माहीतच नव्हता, त्यामुळे माणसे पटापटा मेली.

अशा वेळी, शहरात प्रेते पडलेली असताना, क्वाऊतेमोक नावाचा तरुण राजा झाला. वय सुमारे पंचवीस. त्याच्या नावाचा अर्थ खाली झेपावणारा गरुड. १५२१ च्या मे महिन्यापासून कोर्तेसने शहराला वेढा घातला, गोडे पाणी तोडले, धान्य तोडले. लोक तळ्यातले खारट पाणी प्याले, झाडाच्या साली खाल्ल्या, आणि अडीच महिने लढले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी क्वाऊतेमोक नावेतून जात असता पकडला गेला. तुझ्या कमरेची कट्यार घे आणि मला मार, असे तो कोर्तेसला म्हणाला, अशी नोंद आहे. त्याला लगेच मारले नाही. सोने कुठे लपवले ते सांग म्हणून त्याच्या पायांना तेल लावून जाळले. तो बोलला नाही. चार वर्षांनी, १५२५ च्या फेब्रुवारीत, होंडुरासच्या मोहिमेवर कोर्तेसने त्याला सोबत नेले आणि कटाचा आरोप ठेवून जंगलात एका झाडाला फाशी दिले. ते झाड सावरीच्या जातीचे होते असे सांगतात.

पंचवीस-तिशीतला तरुण, परक्याची फौज, मदतीला आलेले घरचे लोक, शेवटी झाड आणि दोर. मेक्सिकोचे जंगल आणि चांद्याचे जंगल. ही सारखी गोष्ट पाहून आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. तो टाळून पुढे जाणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

आपण कोणाच्या बाजूचे?

कोर्तेसकडे स्वतःचे गोरे शिपाई हजारही नव्हते. टेनोच्टिट्लान पडले ते त्याच्या बरोबर आलेल्या हजारो स्थानिक लोकांमुळे. त्यात ट्लाश्काला येथील लोक मुख्य होते. त्यांना लगेच फितूर म्हणणे सोपे आहे. पण मेशिका राजे या शेजाऱ्यांकडून जबर खंडणी घेत, त्यांची कोंडी करीत, आणि लढाईत धरलेल्या माणसांचे आपल्या देवापुढे बळी देत. ज्याच्या घरचा माणूस त्या मंदिराच्या पायऱ्यांवर मारला गेला, तो त्या राजाच्या राज्यासाठी का लढेल?

हे वाचताच आपल्याला भीमा कोरेगाव आठवले असेल. १ जानेवारी १८१८ रोजी आपले पूर्वज कंपनीच्या फौजेत उभे राहून पेशव्यांच्या फौजेशी लढले. त्या स्तंभावर 'नाक' हे अक्षर शेवटी असलेली नावे आजही वाचता येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले, आणि तेव्हापासून तो दिवस आपला झाला. मग आमची तरुण मुले विचारतात, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे: कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांना आपण मानतो, मग इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबुरावांना कोणत्या तोंडाने मानायचे?

आम्हाला वाटते, या प्रश्नात घोळ आहे तो 'इंग्रज' या शब्दामुळे. शाळेतला इतिहास एकाच प्रश्नाने माणूस मोजतो: तो गोऱ्यांच्या बाजूचा की विरुद्ध? आपण दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: त्याच्या मानेवर पाय कुणाचा होता? कोरेगावच्या महार शिपायाच्या मानेवरचा पाय पेशवाईचा होता, अस्पृश्यतेचा होता. चांद्याच्या गोंडाच्या मानेवर पाय ठेवायला आला तो कंपनीचा साहेब. दोघांनी आपापल्या मानेवरचा पाय ढकलला. दोघांचे हात एकमेकांविरुद्ध कधीच नव्हते. एकाला मानण्यासाठी दुसऱ्याला नाकारावे लागत नाही.

मग अहेरीच्या लक्ष्मीबाईचे काय? तिची गोष्ट कोरेगावसारखी नाही आणि ट्लाश्कालासारखीही नाही. बाबुरावांनी तिच्यावर जुलूम केला होता असे कुठे दिसत नाही. तीही त्याच मुलखातली. तिच्यापुढे साहेबाने दोन ताटे ठेवली, एकात जप्ती आणि दुसऱ्यात बक्षीस. तिने दुसरे उचलले. ते बरोबर होते असे आम्ही म्हणणार नाही. पण तिला शिव्या देऊन मोकळे होणेही आम्हाला पटत नाही. असा पेच निर्माण करणारा कोण होता, हे विसरून चालणार नाही. आपल्यातल्याच एकाच्या हाताने आपल्यातल्याच दुसऱ्याला धरायचे, ही रीत क्रिक्टनची होती, त्याआधी कोर्तेसची होती. आपल्या वस्तीत निवडणुकीच्या आधी काय काय वाटले जाते आणि कोण कुणाविरुद्ध उभा केला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

आणि बक्षिसे किती टिकली तेही पाहा. ट्लाश्कालाच्या लोकांना स्पेनने सुरुवातीला सवलती दिल्या, पुढे त्या झिजत गेल्या. महार पलटणींच्या जोरावर राज्य जिंकलेल्या इंग्रजांनीच १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. चांद्याचा तो भाग स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेशात होता; १९५१ साली तिथली जमीनदारी कायद्याने संपली. गावे देणारा गेला, घेणारे गेले. चांद्याच्या पिंपळाखाली मात्र लोक अजून येतात.

आठवण कोण ठेवतो?

मेक्सिकोने आपला शेवटचा राजा विसरू दिला नाही. १८८७ साली मेक्सिको शहराच्या मुख्य रस्त्यावर क्वाऊतेमोकचा पुतळा उभा राहिला. तिथे मुलांना त्याचे नाव ठेवतात. कोर्तेसने देश जिंकला, पण नाव राहिले ते फाशी गेलेल्या तरुणाचे. फाशीनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी हे घडले, आणि तेही त्या लोकांनी ती आठवण घराघरात जपली म्हणून.

आपल्याकडे बाबुरावांचे टपाल तिकीट निघाले १२ मार्च २००९ रोजी. म्हणजे फाशीनंतर १५० वर्षांनी. गोंड बांधवांनी मात्र कधीच वाट पाहिली नाही. त्यांच्या गाण्यांत, त्यांच्या बैठकांत बाबुराव जिवंत होते. दर २१ ऑक्टोबरला ते चंद्रपूरला तुरुंगातल्या पिंपळापाशी अभिवादनाला जमतात. छापलेल्या इतिहासात जागा नव्हती तेव्हा त्यांनी तोंडी इतिहास सांभाळला. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या शाहिरांनी, जलसेकऱ्यांनी, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आयाआज्यांनी भीमरायाचा इतिहास असाच सांभाळला, तेव्हा कोठे तो पुस्तकांत आला.

एक गोष्ट स्पष्ट करतो. बाबुराव बौद्ध नव्हते, आंबेडकरी नव्हते. ते बाबासाहेबांच्या जन्माच्या तेहतीस वर्षे आधी गेले. त्यांना आपल्या रांगेत ओढून उभे करण्याचा आमचा हेतू नाही. ते गोंडांचे आहेत, आणि गोंडांच्या तोंडूनच त्यांची गोष्ट ऐकली पाहिजे. आपण फक्त शेजाऱ्याचा मान राखायचा. आपला माणूस दुसऱ्यांनी विसरला तर आपल्याला किती लागते, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे?

म्हणून वाचकांना आमचे सांगणे सरळ आहे. १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरला जाल तेव्हा दीक्षाभूमीवरून थेट स्टेशन गाठू नका. जटपुरा दरवाजा पाहा, परकोट पाहा, राणी हिराईने बांधलेली समाधी पाहा, आणि बाबुरावांच्या पिंपळाकडे जाण्याची वाट विचारा. वाट सांगणारा बहुधा गोंड निघेल. त्याच्याकडून चार गोष्टी ऐका, चहा घ्या, ओळख वाढवा. हातात एक फूल असले तर ते तिथे ठेवा. पिंपळ हे झाड आपल्याला नवे नाही. ज्या जातीच्या झाडाखाली सिद्धार्थ गौतमाला बोधी प्राप्त झाली, त्याच जातीच्या झाडाला साहेबाने दोर बांधला. झाडाचा त्यात दोष नाही, पण त्याखाली उभे राहून माणसाने विचार करावा एवढे बळ त्या झाडात आहे.

ज्यांना रजा मिळत नाही, गाडीभाड्याला पैसे जमत नाहीत, त्यांनी २१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी घरीच मुलांना जवळ बसवावे आणि सांगावे: मोलमपल्ली कुठे आहे, प्राणहिता नदी कशी वाहते, तार कशी चालायची, पंचवीस वर्षांच्या बाबुरावांनी काय केले, आणि आझाद मैदानावर १५ ऑक्टोबर १८५७ ला कोण गेले. वस्तीतल्या बुद्धविहारात किंवा मंडळाच्या वाचनालयात त्या दिवशी बाबुरावांचे एक छायाचित्र लावले तरी पुरे. पुढल्या वेळी कुणी ते नाव विचारले तर आपल्या पोराने ते मोठ्या आवाजात सांगावे, आईच्या तोंडाकडे न पाहता.

जय भीम. जय सेवा.